हातभर फळी, घोटभर पाणी

१

टाकीचं झाकण उघडलं तर आत फळी नव्हती. तिच्या जागी जळणाचा एक ओंडका होता, ओल्या फडक्यात गुंडाळून जाळीच्या झोळीत ठेवलेला, म्हणजे वरवर बघणाऱ्याला काही कळू नये. माझ्या भाचीला कळलं, कारण गुंडाळी तिच्या हातची नव्हती. ती फडक्याचं टोक नेहमी आत खोचते. इथे ते बाहेर लोंबत होतं.

हे झालं सोमवारी. मला समजलं बुधवारी सकाळी, ताईच्या फोनवरून, आणि त्यातला अर्धा फोन रडण्यात गेला.

"कसली फळी?" मी विचारलं.

"समुद्राच्या तळातून काढलेली. हातभर लांब."

"लाकडाची?"

"मग काय सोन्याची?"

"लाकूड गेलं म्हणून कुणी पोरीला नोकरीवरून काढतं का?"

"ते तू तिथे जाऊन विचार. तूच ना पोलीस?"

"निवृत्त झाले मी, ताई."

"म्हणजे रिकामीच आहेस."

ताईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. भल्याभल्या चोरांना मी बोलतं केलं, पण सख्ख्या बहिणीला गप्प करणं मला एकदाही जमलेलं नाही. पायात चपला सरकवल्या आणि निघाले. पाण्याची बाटली भरून टेबलावर ठेवली होती, ती तिथेच राहिली. पुढे दिवसभर मला ती बाटली आठवत राहिली.

भाचीची संस्था, समुद्राखालचे जुने अवशेष शोधणारी, बंदराच्या जुन्या धक्क्याला लागून होती. दुमजली इमारत, खाऱ्या वाऱ्याने रंगाचे पापुद्रे सुटलेले. फाटकाशी बाकड्यावर भाची बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. सोमवारी दुपारीच तिचं ओळखपत्र काढून घेतलं होतं. आत पाऊल टाकायचं नाही असा हुकूम होता, म्हणून ती तीन दिवस बाहेर बसून होती.

"घरी का नाही गेलीस?"

"घरी आई आहे."

हे उत्तर मला पटलं.

मग तिने मला सगळं सांगितलं, तिच्या त्या कान जवळ न्यावा लागेल अशा आवाजात. फळी एका शिवलेल्या होडीची होती. त्या होडीत खिळा एकही नाही. फळ्यांच्या कडांना भोकं पाडायची आणि दोरीने फळीला फळी शिवायची. एका भोकात त्या दोरीचा तुकडा अजून शिल्लक आहे, हे सांगताना पोरीचा चेहरा तीन दिवसांनी जरा उजळला असावा.

"उद्या पाहणीला समिती येणार आहे, मावशी. आमचे संचालक सर ती फळी टेबलावर ठेवणार होते. मखमलीवर, दिव्यांखाली, सकाळभर. समितीच्या अध्यक्षांना ती हातात धरून फोटो काढायचाय."

"काढू दे की."

"त्या लाकडातलं लाकूड केव्हाच गेलंय. आतल्या पाण्यानेच त्याचा आकार धरून ठेवलाय. पाणी सुकलं की ते आतून बसतं. तडकतं, पिळवटतं. मग पुन्हा भिजवून काही उपयोग नाही. मी बैठकीत सांगितलं. दोनदा."

"कोणत्या आवाजात?"

तिने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला.

"म्हणून सगळ्यांना वाटतंय की मीच लपवली. आज संध्याकाळी मला पत्र देणार आहेत. या कामातली माणसं मोजकी, मावशी. सगळी एकमेकांना ओळखतात. इथून चोर म्हणून गेले, तर पुन्हा कुणी मला टाकीजवळ उभं करणार नाही."

"तू लपवलीस का?"

"नाही."

हा प्रश्न मी नोकरीत इतक्या लोकांना विचारलाय की उत्तराआधीच्या श्वासावरून मला कळतं. ती खरं बोलत होती. पण मावशीचा विश्वास म्हणजे काही पुरावा नव्हे. मी फाटकाजवळच्या नळाखाली ओंजळ धरली, एक घोट घेतला आणि तसाच थुंकून टाकला.

"ते नको पिऊस," भाची म्हणाली. "मचूळ आहे. इथल्या विहिरीत समुद्र शिरलाय. वर सरांच्या केबिनबाहेर पिण्याच्या पाण्याचा जार असतो."

मी वर गेले. जार होता. रिकामा होता.

२

संचालक साहेब उंच, वाकलेले, कपाळावर कायमची दिलगिरी असलेले गृहस्थ. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाले, "हो, हो, बसा ना." मी बसले. खोली उकाड्याने नुसती कोंदली होती. खिडक्या बंद. कोपऱ्यात एक भलामोठा जुना कूलर, तोही बंद, त्याच्यावर फायलींची चळत आणि पायाशी फरशी पुसायचं फडकं.

"कूलर तरी लावा," मी म्हटलं.

"हो, लावू की," असं म्हणून ते जागचे हलले नाहीत. "बिघडलाय जरा. दुरुस्तीवाल्याला सांगितलंय."

"शनिवारी दुपारी भाची घरी निघाली तेव्हा फळी टाकीत होती. त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?"

साधा प्रश्न. माणूस घरी असतो, नाही तर बाहेर असतो. पण साहेब खुर्चीत सावरून बसले आणि म्हणाले, "त्यासाठी आधी तुम्हाला ही जागा कशी सापडली ते समजून घ्यावं लागेल."

मला काही समजून घ्यायचं नव्हतं. तरी त्यांनी सांगितलंच. होडीमागे दोरीने एक यंत्र ओढत नेतात, त्याला ही मंडळी मासा म्हणतात. तो आवाज सोडतो, तळावर आपटून परत येणारा आवाज टिपतो, आणि त्यातून तळाचं चित्र उमटतं. महिनोन् महिने पडद्यावर नुसती वाळू बघायची. मग एक दिवस वाळूत सरळ रेघ दिसते.

"समुद्र सरळ रेघा ओढत नाही, मॅडम. रेघ दिसली की समजायचं, इथे माणसाचा हात लागलाय. आमची रेघ म्हणजे एक भिंत निघाली. अन् भिंतीच्या पायथ्याशी ती फळी."

एवढ्यात फोन वाजला. साहेब उभे राहिले आणि फोनला सहा-सात वेळा हो म्हणाले. तेवढ्यात कारकून डोकावला, उद्या सकाळी सभागृह त्याच्या निरोपसमारंभासाठी मिळेल का म्हणून. साहेबांनी त्यालाही मान हलवून हो म्हटलं. उद्या सकाळी सभागृहात समिती बसणार होती, हे मला बाहेरून आलेल्या बाईलासुद्धा माहीत होतं.

"माझ्या भाचीने फळी बाहेर काढू नका म्हटलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणालो. तिचं बरोबरच आहे."

"आणि अध्यक्षांनी फळी टेबलावर पाहिजे म्हटलं तेव्हा?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "त्यांनाही हो म्हणालो."

मला वाटलं, टेबलावरचा कागददाब उचलून आपटावा. मी नाही आपटला. निवृत्तीनंतर तेवढं शहाणपण आलंय.

"पोरगी गुणी आहे हो," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "माझीच विद्यार्थिनी. फळी आली तेव्हा मिठाने गच्च भरलेली. तिने समुद्राचं पाणी थोडं थोडं कमी करत, गोडं वाढवत, सगळं मीठ उतरवलं. कित्येक महिने लागले. एवढा धीर माझ्यातही नव्हता."

"आणि तिलाच तुम्ही संध्याकाळी पत्र देणार?"

"अध्यक्षांनी सांगितलं..."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. शनिवारी संध्याकाळी ते कुठे होते, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

३

मुख्य पाणबुड्याला सगळे कप्तान म्हणत. तो धक्क्यावर रबरी पोशाख पिळत उभा होता. त्याने मला थर्मासातला चहा दिला. चहा कसला, साखरेचा पाकच तो. तहान होती त्याच्या दुप्पट झाली.

"फळी तुम्ही काढलीत?"

"मी काढली. मी म्हणत होतो काढू नका." त्याने पोशाखाला एक पीळ जास्तच दिला. "वाळूखाली हवा लागत नाही, किडा लागत नाही. सुखात पडली होती बिचारी. वर आणली आणि बघा, भांडणं सुरू."

"म्हणजे तुम्ही ती परत नेऊन गाडलीत?"

तो हसला. "आली असती मनात तर तेच केलं असतं. जाऊन बघून या."

"मला पोहता येत नाही."

"मग माझ्यावर विश्वास ठेवायला लागेल."

या माणसाला समोरच्याला चिडवण्यात मजा वाटत होती. तरी त्याच्या कामाबद्दल विचारल्यावर तो गंभीर झाला. इथलं पाणी इतकं गढूळ की खाली गेल्यावर स्वतःचा तळहात दिसत नाही. तळावर दोऱ्या ताणून चौकोन आखायचे आणि एकेक चौकोन हाताने चाचपत वाचायचा. जाड नळीने वाळू ओढून घ्यायची, तीसुद्धा हळूहळू. वस्तू लागली तरी लगेच उचलायची नाही. ती कशी पडली आहे, कुणाच्या शेजारी, कोणत्या अंगावर, हे आधी मोजून घ्यायचं.

"कारण उचलली की तिचं अर्धं बोलणं तिथेच राहतं," तो म्हणाला. "ही फळी हाताला लागली तेव्हा वाटलं, भिजलेला पाव आहे. नख रुतलं असतं. मी श्वास सोडायलासुद्धा घाबरलो."

मी विचारलं, चोराने ती कशात ठेवली असेल?

"समुद्राच्या पाण्यात. दुसरं काय? समुद्राची वस्तू ती. आम्हीच पिंपं भरभरून द्यायचो तिच्यासाठी. हल्ली तुमची भाची मागत नाही, दुसऱ्या कुणाकडून घेत असेल."

याला मीठ उतरवल्याचं ठाऊकच नव्हतं. एकाच इमारतीत काम करतात, एकाच फळीसाठी भांडतात, आणि एकमेकांशी बोलत नाहीत. सासरघरीसुद्धा इतका अबोला मी पाहिला नव्हता.

मी निघाले तसा तो मागून म्हणाला, "मला कुणावर आळ घ्यायचा नाही. पण शनिवारी दिवे लागायच्या वेळी आमच्या इथल्या प्राध्यापकबाई टाकीच्या प्रयोगशाळेच्या दारातून बाहेर पडताना मी बघितल्या. काखेत गुंडाळी होती. लांबट."

४

प्राध्यापकबाईंची खोली जिन्याखाली होती. नकाशांच्या भेंडोळ्यांमधून बाईंचा फक्त अंबाडा दिसत होता.

"होडी नाही ती," मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या. "दाराची फळी आहे."

"मी चोरीबद्दल विचारायला आलेय."

"तेच सांगतेय. इथे बंदर नव्हतंच. गाव होतं, पाणी चढलं आणि गाव बुडालं. ती भिंत बंधाऱ्याची. भोकं दोरीच्या बिजागरीची. पण साहेबांना बंदर हवंय, कारण अध्यक्षांना बंदर हवंय."

"शनिवारी काखेत काय होतं?"

त्यांनी एक भेंडोळं ओढलं आणि टेबलावर उलगडलं. पातळ कागदावर फळीचं जशाच्या तशा मापाचं चित्र होतं, प्रत्येक भोक, प्रत्येक चीर. भोकांमधली अंतरं पुन्हा पडताळायला त्या गेल्या होत्या. फळी टाकीतच होती, फडक्यात. त्यांनी फडकं सोडलं, मापं घेतली, पुन्हा गुंडाळलं आणि किल्ली शिपायाच्या खोलीत खिळ्याला अडकवली. ती किल्ली कुणीही घेतं, कुणीही लावतं. कुलपाकडून मला काही कळणार नव्हतं.

"फळी नाहीशी झाली तर तुमचं दार वाचतं," मी म्हटलं. "होडी म्हणणाऱ्यांकडे दाखवायला काही उरत नाही."

"अहो, उलट. मी बरोबर की चूक ते तीच सांगणार ना? चूक निघाले तर निघाले." बाईंना माझा पहिल्यांदा राग आला. "आणि मला तिला पळवायची गरज काय? नखाएवढा तुकडा मी आधीच तपासणीला घेऊन वाळवून ठेवलाय. बाकीची ओली राहिली काय, वाळली काय, माझं काही अडत नाही. तुमच्या भाचीचं अडतं."

हे बोलणं कडवट होतं, पण सरळ होतं. माझ्या घशाला कोरड पडली होती. मी त्यांच्या टेबलावरच्या बाटलीकडे बघितलं.

"रिकामी आहे," त्या म्हणाल्या. "त्या शिपायाला सांगून सांगून थकले. सोमवारपासून या इमारतीत पाणी म्हणून टिकत नाही."

एवढ्यात शिपाईच दारात आला, हातात पाकीट घेऊन. माझ्याकडे बघून त्याने नजर चुकवली. भाचीचं पत्र टाइप होऊन आलं होतं, आणि आता ते सहीसाठी वर चाललं होतं.

५

मी त्याला जिन्यातच गाठलं. राग पत्राचा होता, निघाला पाण्यावर.

"अहो, सरकारी कचेरीत माणसाला घोटभर पाणी मिळू नये? जार भरता की नाही?"

शिपायाचाही बांध फुटला. "बाई, सकाळी लावला, दुपारी लावला. पुरवणारा म्हणतो, तुम्ही विकता की काय? प्राध्यापकबाई ओरडतात, आता तुम्ही ओरडा. अर्धा स्टाफ रजेवर आहे. पितंय कोण एवढं, तेच मला कळत नाही. आणि वरनं ती फरशी पुसा. सारखी ओली."

"कुठली फरशी?"

"साहेबांच्या केबिनमधली, आणखी कुठली? त्या कूलरपाशी."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. गुडघे दुखत होते, डोकं दुखत होतं, आणि सकाळपासून या लोकांनी मला समुद्राखालचं सगळं जग सांगितलं होतं. मी विचारलं होतं ते सोडून सगळं. पण त्या सगळ्या बडबडीतली एक गोष्ट आता मला टोचायला लागली. मी खाली फाटकापाशी गेले.

"एकच विचारते," मी भाचीला म्हटलं. "थोडक्यात सांग. ती फळी नळाच्या पाण्यात ठेवली तर?"

"नको." ती नुसत्या कल्पनेनेच दचकली. "पुन्हा सगळं मीठ आत शिरेल. इतके महिने फुकट."

"मग तुमच्या प्रयोगशाळेत कुठलं पाणी वापरता?"

"यंत्र आहे शुद्ध पाण्याचं. पण सोमवारी दुपारी प्रयोगशाळा सील केली."

"कुणी?"

"सरांनी. अध्यक्षांचा फोन आला होता, सील करा म्हणून."

"आणि सर हो म्हणाले."

"सर नेहमीच हो म्हणतात," भाची म्हणाली आणि माझ्याकडे बघतच राहिली. "मावशी, काय झालं?"

मी तिचा हात धरून तिला उठवलं. ती म्हणाली, मला आत यायला बंदी आहे. मी म्हटलं, बंदी तुला आहे, मला नाही, आणि तू माझ्याबरोबर आहेस. वर जाताना मी कप्तानाला हाक मारली, प्राध्यापकबाईंना भेंडोळ्यांतून बाहेर काढलं आणि शिपायाला सांगितलं, पत्र घेऊन तुम्हीही चला.

६

साहेबांच्या हातात पेन होतं. सही अजून व्हायची होती.

"आधी मला पाणी द्या," मी म्हटलं.

"हो, हो," साहेब म्हणाले. शिपाई म्हणाला, जार संपलाय.

"संपणारच." मी खुर्ची ओढून बसले. "चोराला फळी नको होती. विकायला नेली असती तर तो केव्हाच पसार झाला असता, मोडायला नेली असती तर टाकीतच मोडता आली असती. त्याला फक्त ती उद्या टेबलावर सुकायला नको होती. म्हणजे चोरी करूनही त्याने तिला ओलं ठेवलं असणार. आता हे कुणाला सुचेल? इथे उभ्या असलेल्या सगळ्यांनाच. म्हणून मी सकाळपासून नुसती चिडत होते."

कप्तान भिंतीला टेकला. प्राध्यापकबाईंनी हाताची घडी घातली.

"कप्तानाने नेली असती तर समुद्राच्या पाण्यात ठेवली असती. त्याला वाटतं ती अजून खारीच आहे. समुद्र त्याच्या पायाशी आहे, त्याला जारमधलं पाणी कशाला लागेल? प्राध्यापकबाईंना तिच्या ओलेपणाशी देणंघेणं नाही, त्यांनी त्यांचा तुकडा वाळवून ठेवलाय. गोड्या पाण्याची गरज कळणारी माणसं दोनच. एक माझी भाची. पण तिला सोमवार दुपारपासून फाटकाच्या आत घेतलेलं नाही, आणि पाणी आज दुपारीसुद्धा संपलंय."

मी साहेबांकडे वळले.

"मीठ कसं उतरवलं, ते तुम्हीच मला प्रेमाने सांगितलंत. सगळं जमवलंत तुम्ही, फक्त अध्यक्षांनी सील करा म्हटल्यावर हो म्हणालात आणि स्वतःचंच शुद्ध पाणी कुलपात घातलंत. नळाचं पाणी घालायला हात धजेना. मग राहिला दाराबाहेरचा जार. बंद कूलरखालची फरशी ओली का, साहेब? गळतोय तो. जितकं घालता तितकं झिरपतं, म्हणून इमारतीला प्यायला पाणी नाही."

भाचीने माझं बोलणं संपायची वाट बघितली नाही. तिने फायली खाली ठेवल्या, कूलरची मागची जाळी काढली आणि बाह्या सरसावून दोन्ही हात आत घातले. कूलरच्या टाकीला आतून प्लास्टिक अंथरलेलं होतं, तरी ती झिरपत होती. पाणी चार बोटं उरलं होतं आणि फडक्याची एक कड उघडी पडली होती. तिने तळहातांनी गुंडाळी पाण्यात दाबून धरली.

"काठाला कोरडी पडायला लागली होती," ती म्हणाली. "आणखी तासाभराने काय झालं असतं, सर?"

साहेब उभे होते. एकदम म्हातारे दिसायला लागले होते. "मी सारखा बघत होतो... आज या बाई आल्या, मला उठता आलं नाही. समिती गेली की परत ठेवणार होतो. कुणाचं नुकसान करायचं नव्हतं मला."

"अध्यक्षांना नाही म्हणायचं सोडून तुम्ही चोरी केलीत?" प्राध्यापकबाईंनी विचारलं.

"ते सोपं वाटलं," साहेब म्हणाले. मला वाटतं, दिवसभरातलं ते त्यांचं पहिलं सरळ उत्तर होतं.

"मला पाण्याखाली पहिल्यांदा तुम्ही नेलंत," भाची तशीच वाकून, त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "खाली काही दिसत नव्हतं, मी घाबरले होते, तुम्ही माझं मनगट धरून ठेवलं होतं. आणि परवापासून मी फाटकाबाहेर बसलेय, ते तुम्ही या खिडकीतून बघताय."

मला त्या माणसाचा संताप आला होता आणि कीवही येत होती, आणि दोन्ही एकदम आली की माझं डोकं आणखीच चढतं.

तेवढ्यात फोन वाजला.

साहेबांनी तो उचलला. पलीकडे अध्यक्ष होते, आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. पत्र दिलं का त्या मुलीला?

"हो..." साहेब सवयीने म्हणाले. मी खुर्चीतून अर्धी उठले. साहेबांनी कूलरकडे बघितलं. भाची कोपरापर्यंत कूलरमध्ये होती, तिला हात सोडता येत नव्हता. "म्हणजे, नाही," ते म्हणाले. "नाही दिलं. देणार नाही. तिने नेली नव्हती. मी नेली होती."

मग अध्यक्षांनी काय काय ऐकवलं ते मी इथे सांगत नाही. साहेब ऐकत राहिले. शेवटी पलीकडून विचारणा झाली, ते सगळं नंतर बघू, पण फळी मिळाली ना, मग उद्या टेबलावर दिसेल ना?

"हो, दाखवू की..."

"पाण्यातच दिसेल."

खोलीतले सगळे वळले. शिपायाच्या हातातलं पाकीट पडलं. तो आवाज माझ्या भाचीचा होता, आणि तो फोनमधून पलीकडे पोचला असणार, कारण खिडकीच्या काचासुद्धा हादरल्या असं मला वाटलं.

"टाकीतच राहील ती," ती म्हणाली. "बघायची असेल तर वाकून बघा म्हणावं."

साहेबांनी ते वाक्य अध्यक्षांना शब्दशः सांगितलं आणि फोन खाली ठेवला. मग टेबलावरचं पत्र उचलून त्याचे दोन तुकडे केले.

शिपाई पळत जाऊन नवा जार घेऊन आला. मी पेला पुढे केला. सकाळपासून वाट बघत होते, माझा हक्कच होता तो. भाचीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"इकडे ओता," ती शिपायाला म्हणाली. "हळू. काठाने."

अर्धा जार त्या हातभर लाकडाने प्यायला. मग मला पेला मिळाला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेले. निरोपसमारंभवाला कारकून सभागृहात हार घेऊन ताटकळत होता आणि समिती खाली, सील काढलेल्या प्रयोगशाळेत टाकीभोवती उभी होती. साहेब भिंतीपाशी होते. त्यांनी राजीनामा लिहिला होता, आणि भाची त्यांच्याशी अजून बोलत नव्हती. अध्यक्षांनी टेबल कुठे आहे म्हणून इकडेतिकडे पाहिलं. टेबल नव्हतं. भाचीने झाकण सरकवलं, फडक्याचं आत खोचलेलं टोक सोडवलं आणि हात मागे घेतले.

अध्यक्षांनी आधी गुडघ्यावर हात ठेवला. मग ते वाकले.